उजेड कोणाच्या वाट्याला येतो? : गोविंद निहलानींचा कॅमेरा

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्यांची बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग दिला आहे.)

मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

आधी एक कबुली देतो. मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. अंबडला माझा फोटो स्टुडिओ होता. १९७८ साली मामांच्या हाताखाली डार्करूममध्ये उभा राहिलो, आणि पुढं बरीच वर्षं लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, सातबाराच्या कामाला लागणारे पासपोर्ट फोटो, हेच करत आलो. त्यामुळं मी आज जे बोलणार आहे ते एका फोटोग्राफरनं दुसऱ्या, फार मोठ्या फोटोग्राफरबद्दल बोलणं आहे. गोविंद निहलानी. तुमच्यातल्या बहुतेकांना ते 'अर्धसत्य'चे दिग्दर्शक म्हणून माहीत आहेत. मला ते आधी कॅमेरामन म्हणून बघायचेत. कारण माझं म्हणणं असं आहे की आपल्या सिनेमात गरिबाच्या चेहऱ्यावर उजेड कसा टाकायचा, हे ज्यांनी शिकवलं त्यांच्यात त्यांचं नाव फार वर आहे. आणि त्या शिकवणीत एक उणीवही आहे, तिच्याबद्दलही बोलणार आहे.

सुरुवात मात्र माझ्या स्टुडिओतून करतो.

तेव्हा मुलीचा फोटो काढायला घरचे यायचे, तेव्हा एक वाक्य ठरलेलं असायचं. "भाऊ, पोरगी जरा उजळ दिसू द्या बरं का." आम्ही उजळ करायचो. कसं? निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करायचं. निगेटिव्हमध्ये जिथं शिशाची छटा द्याल, ती जागा प्रिंटमध्ये पांढरी होते. डोळ्याखालचं काळं, देवीचे व्रण, गालावरची सावली, सगळं जायचं. याला आम्ही रिटचिंग म्हणायचो. माझा हात त्यात चांगला होता. मामा कौतुक करायचे.

१९८० सालची गोष्ट असेल. एका मुलीचा फोटो मी असाच केला. मन लावून केला. पाहुणे बघायला आले, पोहे झाले, आणि मुलाच्या आत्यानं पर्समधून तो फोटो काढून मुलीच्या शेजारी धरला. सगळ्यांसमोर. एकदा फोटोकडं बघितलं, एकदा पोरीकडं. पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील दुकानात आले. मला वाटलं भांडतील. भांडले नाहीत. उरलेल्या कॉप्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "भाऊ, हे तुमच्याकडंच ठेवा. ही आमची पोरगी नाही."

त्यानंतर काही महिन्यांनी मी औरंगाबादला 'आक्रोश' बघितला. नाव ऐकून मारधाडीचा सिनेमा असेल असं वाटलं होतं. [हशा] मारधाड नव्हतीच. आणि हिरो कोण, तर ओम पुरी. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा, एवढा मोठा, अख्ख्या पडद्यावर. बोलत नाही. नुसता बघतो. आणि मंडळी, खरं सांगतो, माझा हात आपोआप पेन्सिल शोधायला लागला. इथं छटा द्यायची, तिथं भरून घ्यायचं. मग लक्षात आलं की ज्यानं हे काढलंय त्यानं एकही खड्डा भरलेला नाही. उलट उजेड बाजूनं असा टाकलाय की प्रत्येक खड्डा दिसावा. घरी येताना एसटीत तेच डोक्यात होतं.

आता त्या माणसाविषयी.

गोविंद निहलानींचा जन्म १९४०चा, कराचीचा. १९४७ला फाळणी झाली आणि कुटुंब उदयपूरला आलं. म्हणजे वयाच्या सातव्या वर्षी घर सुटलं. पुढं त्यांनी बंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये सिनेमॅटोग्राफीचं शिक्षण घेतलं आणि १९६२ला तिथून बाहेर पडले. त्याच संस्थेतून १९४६ साली आणखी एक विद्यार्थी शिकून गेला होता, व्ही. के. मूर्ती. गुरुदत्तांचे कॅमेरामन. 'प्यासा', 'कागज के फूल', 'साहिब बीबी और गुलाम' ज्यांनी चित्रित केले ते. निहलानी मुंबईला येऊन मूर्तींचे सहायक झाले.

मूर्तींचं काम काय होतं, ते थोडक्यात सांगितल्याशिवाय शिष्यानं काय वेगळं केलं ते कळणार नाही. 'कागज के फूल' १९५९चा. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. त्यात रिकाम्या स्टुडिओत वरून उजेडाचा एक झोत खाली पडतो, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. तो दिव्याचा नाही. आरशांनी बाहेरचं ऊन आत वळवून आणलेलं आहे. बघा, ऊनच वापरलं, पण असं वापरलं की ते ऊन वाटूच नये, स्वप्न वाटावं. मूर्तींच्या उजेडात माणूस एकटा पडतो आणि सुंदर दिसतो. दुःखसुद्धा सुंदर दिसतं. हे कमी लेखत नाही मी. डार्करूममध्ये आम्ही त्यांचे फोटो भिंतीला लावलेले होते.

शिष्याला मात्र वेगळ्या माणसांचे चेहरे दाखवायचे होते.

स्वतंत्र कॅमेरामन म्हणून निहलानींचा पहिला चित्रपट कोणता, माहिती आहे? मराठी आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९७१. तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शन सत्यदेव दुबे, बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे. म्हणजे कराचीत जन्मलेला, उदयपूरला वाढलेला, बंगळुरूत शिकलेला हा माणूस आपल्या भाषेत उभा राहिला. आणि तेंडुलकरांशी त्यांचा जो धागा जुळला तो पुढं 'आक्रोश', 'अर्धसत्य'पर्यंत टिकला. 'अर्धसत्य'ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य'. त्यात दिलीप चित्र्यांची कविता. 'पार्टी' महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून. हिंदी सिनेमा म्हणून आपण ज्याकडं बघतो त्याच्या मुळाशी मराठी लेखन किती आहे, याचाही कधी हिशेब करायला हवा. आज तो विषय नाही.

१९७४ला श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. मग 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग'. यांचा कॅमेरा निहलानींचा. 'जुनून'च्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'अंकुर' आणि 'निशांत' आपल्या भागातल्या लोकांनी जरा वेगळ्या डोळ्यांनी बघावेत असं मला वाटतं. का? तर ती गोष्ट तेलंगणातली आहे, निजामाच्या राज्यातली जमीनदारी तिच्या मागं आहे. 'निशांत' तर १९४५चा काळ दाखवतो. आणि १९४५ला आपलं जालना कुठं होतं? त्याच राज्यात. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाचे, १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या सिनेमातली दखनी बोली ऐकली की आपल्या जुन्या जालन्यातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण येते. गढी, वाडा, त्याच्यासमोर चप्पल काढून उभा राहणारा माणूस, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते 'वास्तववादी चित्रण' होतं. आपल्याला ते घरचं होतं.

आता जरा धंद्यातलं सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे.

आपल्याकडचा शेतकरी डोळ्यासमोर आणा. रापलेला, काळासावळा चेहरा. अंगात पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरं मुंडासं. वर दुपारचं ऊन. फोटोग्राफरला याच्याइतकं अवघड गिऱ्हाईक नाही. लाइट मीटर जो असतो ना, तो समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून माप देतो, अठरा टक्के उजेड परत फेकणारा करडा. पांढऱ्या सदऱ्याचं माप घेतलं तर चेहरा काळा ठिक्कर. चेहऱ्याचं घेतलं तर सदरा नुसता पांढरा डाग. फिल्मला एवढी मोठी तफावत झेपत नाही. मग स्टुडिओतले लोक काय करायचे? सोपं काम. चेहऱ्याला पावडर. सिनेमातही तेच. हिरॉइन गावातली, पण तिच्या चेहऱ्यावर पिठासारखा मेकअप.

आणि हा निव्वळ आपला दोष नव्हता. रंगीत फिल्म, तिची प्रिंट, सगळं परदेशात घडलेलं. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवून घ्यायला एक नमुना फोटो द्यायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर एक गोरी बाई. तिची कातडी बरोबर दिसली की मशीन बरोबर. मग अंबडच्या पोरीनं काय करायचं? यंत्रातच ती धरलेली नाही.

हा प्रश्न अमेरिकेतही होताच. हॅस्केल वेक्सलर नावाचे मोठे कॅमेरामन तिथं होऊन गेले. १९६७चा 'इन द हीट ऑफ द नाइट' त्यांनी चित्रित केला. सिडनी पॉइटियर हा काळा नट त्यात मुख्य भूमिकेत. त्याच्या कातडीच्या हिशेबानं वेक्सलरनी उजेड बेतला, याची आजही आठवण काढली जाते. तोवर गोऱ्या नटासाठी दिवे लावायचे आणि काळा नट त्यात जसा दिसेल तसा. वेक्सलरही पुढं दिग्दर्शक झाले. 'मीडियम कूल', १९६९. शिकागोत झालेली निदर्शनं आणि पोलिसांची मारहाण, आणि मध्ये एक टीव्हीचा कॅमेरामन. कॅमेऱ्यामागून उठून राजकारणाबद्दल बोलणारा माणूस. म्हणून निहलानींशी तुलना करायची तर मला हा माणूस जवळचा वाटतो. एकानं दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही. दोघांपुढं अडचण एकच होती, एवढंच.

निहलानींनी ती अडचण कशी सोडवली? जे पडद्यावर दिसतं त्यावरून सांगतो. एक, गावातली माणसं गावातच, खऱ्या घरात आणि खऱ्या उजेडात. दोन, उजेड बहुतेक वेळा एका बाजूनं येतो, दारातून, खिडकीतून, कंदिलातून. तो कुठून येतो ते तुम्हाला कळतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, माप चेहऱ्याचं. मागची भिंत अंधारात गेली तर जाऊ दे, बाहेरचं ऊन फटफटीत झालं तर होऊ दे. पण समोरच्या माणसाची कातडी तिच्या रंगाची दिसली पाहिजे.

स्मिता पाटील बघा. 'भूमिका' १९७७चा. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरून घेतलेला. त्यात नायिका स्वतः सिनेनटी आहे. म्हणजे एकाच चित्रपटात दोन प्रकारचे उजेड दाखवायचे आहेत. ती सेटवर नाचते तेव्हा स्टुडिओचा उजेड, चारी बाजूंनी, सावली पुसणारा. ती घरी येते, मेकअप उतरतो, आणि नवऱ्यासमोर उभी राहते, तेव्हा एका बाजूचा उजेड. सावळी, थकलेली, चिडलेली बाई. लहानपणाचा भाग कृष्णधवल आहे. सिनेमा बघताना आपल्याला कळतं की नटीचा चेहरा कोण कसा वापरतं. निर्माता वापरतो, नवरा वापरतो, जमीनदार वापरतो. आणि दिवासुद्धा वापरतो. माझ्या मते निहलानींचं कॅमेरामन म्हणून सगळ्यात शहाणं काम ते आहे. 'जुनून'ला पुरस्कार मिळाला, तो देखणा आहे, घोडे, हवेल्या, १८५७चा काळ. पण 'भूमिका'त विचार आहे.

मग १९८०ला 'आक्रोश'. पहिलं दिग्दर्शन, आणि कॅमेराही स्वतःच. लहान्या भिकू हा आदिवासी. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर. वकील भास्कर कुलकर्णी, म्हणजे नसिरुद्दीन शाह, त्याला वाचवायला बघतो, पण लहान्या एक शब्द बोलत नाही. खरं काय ते आपल्याला हळूहळू कळतं. बायकोवर अत्याचार करणारे आणि तिला मारणारे गावातले प्रतिष्ठित लोक आहेत. शेवटी बापाच्या अंत्यविधीला त्याला बेड्यांसकट आणतात. तिथं तो कुऱ्हाड उचलतो आणि स्वतःच्या बहिणीला मारतो. कारण तिच्याही वाट्याला तेच येणार हे त्याला माहीत आहे. आणि मग तो ओरडतो. सगळ्या सिनेमात त्याचा आवाज आपण मोकळा ऐकतो तो तेवढाच.

आता उणिवेवर येतो. इथं काही लोक माझ्याशी भांडतील, भांडा.

'आक्रोश'मध्ये लहान्याच्या चेहऱ्याला न्याय मिळाला, पण बोलणं कोणाला मिळालं? वकिलाला. शोध वकिलाचा, अस्वस्थता वकिलाची, सिनेमाचा प्रवास वकिलाचा. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहे, तो गप्प राहतो तो वेगळ्या कारणानं, आणि त्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला फार थोडं दिसतं. मला कधी कधी वाटतं, तो खरा सिनेमा दुसानेचा होता. सुशिक्षित माणसाला गरिबाबद्दल काय वाटतं, हे त्या पिढीनं फार प्रामाणिकपणे दाखवलं. गरिबाला सुशिक्षिताबद्दल काय वाटतं, तिथपर्यंत ते गेले नाहीत. कॅमेरा फार जवळ गेला, पण उभा राहिला तो आपल्याच बाजूला.

'अंकुर'चा शेवट आठवा. जमीनदाराचा पोरगा सूर्या कुंभार किष्टय्याला चाबकानं मारतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. सूर्या घरात दडून बसतो. आणि एक लहान पोरगं त्याच्या खिडकीवर दगड मारतं, काच फुटते, पडदा लाल होतो. थिएटरात टाळ्या पडायच्या. पडणारच. दगड जमीनदाराला लागला, आपल्याला नाही.

त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २०१३ला, नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. कॅमेरा विक्रम अमलाडींचा. तिथंही शेवटी दगड आहे. पण जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो. म्हणजे तुमच्या-माझ्याकडं. टाळ्या वाजवायची सोय नाही. या दोन दगडांमधलं अंतर म्हणजे आपल्या सिनेमाचा प्रवास आहे असं मी म्हणतो. पण एक गोष्ट विसरायची नाही. जब्याच्या सावळ्या चेहऱ्यावर अख्खा सिनेमा उभा राहू शकतो, ही वाट आधी कोणीतरी पाडलेली होती. ती पाडणाऱ्यांत निहलानी आहेत. मुलाला बोलता आलं, कारण बापानं आधी तोंडावर उजेड येऊ दिला.

आता शेवटचा टप्पा. १९८८, 'तमस'. भीष्म साहनींची कादंबरी, दूरदर्शनवर मालिका. फाळणीची गोष्ट. बंद पाडण्यासाठी लोक कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, आणि मालिका दाखवली गेली. आमच्या गल्लीत दोनच टीव्ही होते. एका घरात पन्नास माणसं बसायची. सुरुवातीलाच एक अंधारी खोली, मिणमिणता दिवा, आणि नत्थू, पुन्हा ओम पुरी, डुक्कर मारायचा प्रयत्न करतोय. घाम, अंधार, जनावराचं ओरडणं. त्याला माहीत नाही की हे डुक्कर कशासाठी हवंय.

आणि 'तमस'च्या कॅमेऱ्यावर निहलानींबरोबर कोण होतं? व्ही. के. मूर्ती. गुरू. शिष्य दिग्दर्शक आणि गुरू कॅमेऱ्यावर. ज्या माणसानं उन्हाचं स्वप्न केलं होतं, तो त्या अंधाऱ्या खोलीत दिवा लावत होता. सातव्या वर्षी कराची सोडलेला मुलगा त्याला सांगत असेल, इथून एवढाच उजेड यायचा. हे मी कल्पनेनं बोलतोय, तेवढी मोकळीक द्या. मूर्तींना पुढं २००८चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळालेले ते पहिले कॅमेरामन.

माझं काय झालं, ते सांगून थांबतो. 'आक्रोश' बघून मी सुधारलो असं तुम्हाला वाटेल. नाही. त्यानंतरही कित्येक वर्षं मी पोरी उजळ करत राहिलो. धंदा होता. नाही केलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. एवढंच केलं की प्रत्येक मुलीचा एक फोटो खिडकीजवळ, बाजूच्या उजेडात, पेन्सिल न लावता काढायचो, आणि तो पाकिटात फुकट घालायचो. घरचे तो बाजूला ठेवायचे. पण पुष्कळ पोरींनी तो स्वतःकडं ठेवून घेतला. अजून भेटतात, नातवंडांना घेऊन येतात, सांगतात की तो फोटो आहे अजून. ज्या मुलीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिला मात्र मी असा फोटो देऊ शकलो नाही. वडिलांनी ठेवलेल्या त्या कॉप्या माझ्याकडंच आहेत.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, आता मोबाइलमध्ये आपोआपच चेहरा गोरा होतो. मग तुमच्या पेन्सिलीत आणि त्यात फरक काय?

उत्तर : माझ्या पेन्सिलीला निदान पंधरा मिनिटं लागायची. [हशा] फरक एक आहे, आणि तो गंभीर आहे. आमच्याकडं येऊन आई सांगायची, उजळ करा. म्हणजे निदान कोणीतरी विचारायचं. आता न विचारता होतं. तुम्ही घरी गेल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, आणि आईचा एक फोटो दाराशी बसवून काढा. सकाळी नऊच्या आत.

प्रश्न : 'अर्धसत्य'बद्दल तुम्ही फार बोलला नाहीत.

उत्तर : मुद्दाम. तो सगळ्यांनी बघितलाय, आणि त्याची ताकद लिखाणात आणि अभिनयात जास्त आहे. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी शांत बसून बोलतो, तिथं कॅमेऱ्याला काही करावंच लागत नाही. तेही एक शहाणपण आहे म्हणा. निहलानींना कॅमेरामन म्हणून बघायचं असेल तर पहिल्यांदा 'भूमिका' बघा, मग 'आक्रोश'. आणि 'मंथन' २०२४ला नव्यानं दुरुस्त होऊन कानला दाखवला गेला, ती प्रत मिळाली तर सोडू नका. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा आहे तो. ज्यांनी पैसे घातले, चेहरेही त्यांच्यासारख्यांचेच आहेत.